सांथीचे दिवस आणि क्रिकेटचा प्रेक्षक

क्रिकेटच्या वेड्या मनुष्यानें राज्यकारभाराविषयीं बोलूं नये, असा आमच्या घरांत एक अलिखित कायदा आहे. तो आमच्या कुटुंबानें मांडला आणि धाकट्या बंधूंनीं त्यास अनुमोदन दिलें. त्यांचें म्हणणें असें कीं, सामना चालू असतां ज्यास दाराशीं उभा राहिलेला दूधवाला दिसत नाहीं, त्यास प्रजेचें सुखदुःख कोठून दिसणार ? आक्षेप अगदींच पोकळ आहे असें आम्ही म्हणत नाहीं. तथापि 2020 व 2021 या दोन वर्षांत, करोनाच्या सांथीनें सारें जग घरांत कोंडलें असतां, सार्वजनिक व्यवहाराविषयीं आमचें जें कांहीं मत बनलें, तें बव्हंशीं खेळाच्या मैदानाकडे पाहूनच बनलें. तें येथें मांडतों. घरांतील कायदा मासिकाच्या पानांस लागू नाहीं.

आमची इंग्रजी विद्या मॅट्रिकपर्यंतची. पुढें पाठशाळेंत संस्कृत झालें, आणि सारी उमेद मुलांकडून शब्दरूपें घोकवून घेण्यांत गेली. क्रिकेट आम्ही खेळलों तें पेठेंतल्या बोळांत आणि शिकलों तें रेडिओवर. बाळ ज. पंडित यांचें मराठींतील धांवतें वर्णन ऐकत आमची पिढी वाढली. 'क्षेत्ररक्षण' हा शब्द आम्हांस कोशांतून नव्हे, रेडिओच्या पेटींतून मिळाला. 1971 सालीं वाडेकरांच्या संघानें ओव्हलवर इंग्लंडचा पराभव केला, तेव्हां वाड्यांत पेढे वांटणाऱ्या पोरांत आम्ही होतों. त्या दिवसापासून आम्ही प्रेक्षक आहों तें आजतागायत.

प्रेक्षकाची एक खोड असते. त्यास स्वतःस चार चेंडू टोलवतां येणार नाहींत, परंतु एका संघास एक नियम आणि दुसऱ्यास दुसरा लावलेला त्याच्या डोळ्यांस तत्काळ खुपतो. पंचाचा निर्णय चुकीचा असला तर तो सोसतो. पक्षपाती असला तर सोसत नाहीं. सांथीच्या दिवसांत सरकारी हुकूम वाचतांना हीच खोड आमच्या उपयोगीं पडली.

सांथ आली हें आम्हांस प्रथम कोणा डॉक्टरानें सांगितलें नाहीं. तें राजकोटच्या रिकाम्या मैदानानें सांगितलें. 2020 च्या मार्च महिन्यांत तेथें सौराष्ट्र आणि बंगाल यांचा रणजी करंडकाचा अंतिम सामना चालला होता. चार दिवस प्रेक्षक होते. पांचव्या दिवशीं, म्हणजे 13 मार्चला, दरवाजे बंद. पहिल्या डावांतील आघाडीच्या जोरावर सौराष्ट्रानें करंडक प्रथमच जिंकला, आणि इतक्या वर्षांच्या तपश्चर्येचें फळ हातीं आलें तें पाहावयास बांकांवर कोणी नव्हतें. तत्पूर्वीं अवघे पांच दिवस, 8 मार्चला, मेलबर्न येथें स्त्रियांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. आपल्या मुली हरल्या, तो पाहावयास 86,174 माणसें खांद्याला खांदा लावून बसलीं होतीं. जागतिक आरोग्य संघटनेनें ही महामारी असल्याचें जाहीर केलें तें 11 मार्चला. आणि त्याच रात्रीं इंग्लंडांत लिव्हरपूल येथें 50,000 हून अधिक लोकांसमोर फुटबॉलचा सामना झाला, त्यांत माद्रिदहून आलेले सुमारें 3,000 पाहुणे होते. गंमत अशी कीं, खुद्द माद्रिदमध्यें त्या दिवसापासून शाळा बंद झाल्या होत्या, आणि स्पेनमधील मैदानांवर प्रेक्षकांस मज्जाव झाला होता. म्हणजे ज्यांस स्वतःच्या गांवीं मैदानांत पाऊल टाकण्याची मनाई, ते परमुलखीं जाऊन खुशाल सामना पाहते झाले ! राज्यकर्ते किती उशिरा जागे होतात, हें समजण्यास यापरतें सोपें उदाहरण आम्हांस मिळालें नाहीं.

राजकोटचें मैदान रिकामें झालें त्याच दिवशीं महाराष्ट्र सरकारनें 1897 चा सांथरोगाचा कायदा लागू केला. कायद्याचें वय पाहून आम्हांस आमच्या आजोबांची आठवण झाली. हा चार कलमांचा कायदा मुंबई इलाख्यांतील प्लेगसाठींच जन्मास आला होता. पुण्यांत घरोघर शिरणारे गोरे सोल्जर, सामानसुमान रस्त्यावर, माणसें माळावरच्या झोंपड्यांत, या हकीकती आजोबा आपल्या वडिलांच्या तोंडच्या म्हणून सांगत. त्या सांथींत पुष्कळ पुढारी मंडळी गांव सोडून गेलीं असतां टिळक पुण्यांतच राहिले आणि त्यांनीं प्लेगच्या रोग्यांसाठीं रुग्णालय चालविलें; सावित्रीबाई फुले यांनीं तर रोग्यांची शुश्रूषा करतां करतां 10 मार्च 1897 रोजीं देह ठेविला. तेव्हांचें सरकार परकें होतें व त्याची रीत दांडगाईची होती. 2020 सालीं सरकार आपलें होतें, आणि लोकांनीं हुकूम मानले, हें प्रांजळपणें सांगितलें पाहिजे.

लोकांनीं किती मानलें याचा विसर पडतां कामा नये. आषाढी वारीच्या पादुका त्या वर्षीं एस. टी. च्या गाड्यांतून पंढरपुरास गेल्या. पिढ्यान् पिढ्या पायीं चालणारा वारकरी घराच्या उंबरठ्यावर टाळ वाजवून स्वस्थ बसला. दहीहंडी झाली नाहीं, उरूस झाले नाहींत. शालांत परीक्षेचा भूगोलाचा पेपर तेवढा राहिला होता, तो राहिलाच. आमच्यासारख्या जन्मभर परीक्षा घेतलेल्या मनुष्यास याचा धक्का किती बसला हें इतरांस समजणार नाहीं. मुंबईंत वरळीच्या ज्या घुमटाखालीं कबड्डीचे सामने रंगत, तेथें रोग्यांच्या खाटा पडल्या. कोणीहि 'आमचें मैदान कां घेतां' असें म्हटलें नाहीं.

त्या सक्तीच्या रिकामपणांत आम्हीं कौटिल्याचें अर्थशास्त्र पुन्हां सावकाश वाचावयास घेतलें. त्याच्या आठव्या अधिकरणाच्या चौथ्या अध्यायांत राष्ट्रावर येणाऱ्या पीडांचा विचार आहे. अग्नि, पूर, व्याधि, दुर्भिक्ष आणि मरक या दैवी पीडा प्रथम येतात. मग मनुष्यकृत पीडा. आणि त्यांत आम्हांस एक अनपेक्षित वाद आढळला. प्रजेची करमणूक देशास अधिक जाचक कीं राजाची ? पहिलीस ग्रंथकार देशविहार म्हणतो, दुसरीस राजविहार. जुन्या आचार्यांचें मत असें कीं, देशविहार वाईट, कारण लोक खेळांत रमले म्हणजे कामधंदा बुडतो. उलट राजविहारापासून कारागीर, गवई, नट, व्यापारी अशा अनेकांचें पोट भरतें. कौटिल्य हें मत खोडून काढतो. तो म्हणतो, प्रजेचा विहार श्रमपरिहारासाठीं असतो. तो खातो थोडें, आणि विश्रांति होतांच माणूस पुन्हां कामास लागतो. राजविहारांत मात्र राजा स्वतः आणि त्याच्या मर्जींतले लोक हवें तें उचलतात, आणि त्याचा भार प्रजेवर पडतो.

पुस्तक मिटून आम्ही कांहीं वेळ तसेच बसलों. व्याधि आणि विहार एकाच अध्यायांत यावे, आणि दोन हजार वर्षांपूर्वींच्या आचार्यांनीं 'अनेकांस रोजगार मिळतो' हीच सबब पुढें करावी !

आतां या मापानें आपल्या क्रिकेटकडे पाहूं. आय. पी. एल. नांवाची जी मोठी स्पर्धा आहे, ती 2020 सालीं मार्चअखेर सुरू व्हावयाची होती. ती पुढें ढकलून 19 सप्टेंबर ते 10 नोव्हेंबर या काळांत दुबई, अबूधाबी आणि शारजा येथें प्रेक्षकांवांचून खेळविण्यांत आली. त्या वेळीं आमच्या कांहीं सोवळ्या स्नेह्यांनीं नाकें मुरडलीं. आम्हीं मुरडलें नाहीं. सहा महिने घरांत कोंडलेलीं तीन पिढ्यांचीं माणसें सायंकाळीं साडेसातास एका खोलींत बसूं लागलीं. ज्यांचें दुपारीं भांड्यांवरून बिनसलें होतें त्या जावा रात्रीं एकाच बाजूच्या होऊन टाळ्या वाजवूं लागल्या. येथल्या रोग्याची एक खाट, एक कुपी, एक तपासणी त्यासाठीं खर्ची पडत नव्हती. तो चोख देशविहार होता. मुंबईनें करंडक जिंकला तेव्हां सूनबाईनें शिरा केला, आणि तो आम्हीं निःशंक मनानें खाल्ला.

2021 च्या वसंतांत चित्र पालटलें. मार्चमध्यें इंग्लंडचा संघ आला असतां अहमदाबादेस पहिल्या दोन वीस-षट्की सामन्यांस प्रेक्षक होते, पुढील तिहींस नव्हते. रोग वाढत होता. नंतर आमच्या पुण्याजवळ गहुंजे येथें तीन सामने झाले, तेहि रिकाम्या मैदानावर. तेव्हां एक भक्त जवळच्या डोंगरावर चढून निशाण फडकवीत सामना पाहत असल्याचें चित्र वर्तमानपत्रांत आलें होतें. त्याचा आम्हांस राग आला नाहीं. डोंगरावर तो एकटा होता. राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. मैदानें रिकामीं, आणि निवडणुकींच्या सभा भरलेल्या ! बंगालची निवडणूक 27 मार्चपासून 29 एप्रिलपर्यंत आठ टप्प्यांनीं चालली होती, आणि गर्दी जमविण्यांत लहानमोठा कोणताहि पक्ष मागें नव्हता. क्रिकेटच्या प्रेक्षकास घरीं बसविणें योग्यच होतें. पण जो हुकूम मैदानाच्या दारावर लावला, तो सभेच्या मांडवावर कां लावतां आला नाहीं? पक्षपाती पंच म्हणतात तो हा.

9 एप्रिलला आय. पी. एल. पुन्हां सुरू झाली. या खेपेस परदेशीं नव्हे, तर चेन्नई, मुंबई, अहमदाबाद, दिल्ली अशा रोगानें ग्रासलेल्या शहरांत. 14 एप्रिलच्या रात्रीं आठापासून महाराष्ट्रांत संचारबंदी. त्याच महिन्यांत दहावीची परीक्षा अजिबात रद्द झाली. राज्यांत एकाच दिवशीं 60,000 हून अधिक नवे रोगी सांपडत होते. आणि त्याच दिवसांत मुंबईंत वानखेडे मैदानावर रात्रीं दिव्यांचा लखलखाट करून सामने चालले होते. खेळाडूंभोंवतीं 'बायो-बबल' नांवाची तटबंदी होती, आणि एप्रिलअखेर दर दोन दिवसांनीं त्यांची तपासणी होऊं लागली.

आमचे चुलतबंधु बापू यांस त्याच महिन्यांत ताप आला. तपासणी झाली, अहवाल हातीं येण्यास चार दिवस लागले. त्या चार दिवसांत श्वास लागूं लागला, आणि अहवालावांचून कोणी दाखल करून घेईना. अखेर आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या खटपटीनें एक खाट मिळाली. आंत गेल्यावर भेट नाहीं. दिवसांतून एकदां फोन, तोहि परिचारिकेस सवड झाल्यास. रविवारीं, 25 एप्रिलला, दुपारीं चेन्नई आणि बंगलोर यांचा सामना मुंबईंत झाला, आणि जडेजानें चेन्नईच्या डावाच्या शेवटच्या षट्कांत असा कांहीं हात चालविला कीं, त्या एका षट्कांत 37 धांवा निघाल्या. सायंकाळीं बापूंचा फोन आला. आवाज ओळखूं येत नव्हता. आम्ही औषधपाण्याचें विचारूं लागलों, तों ते म्हणाले, "दादा, तें राहूं द्या. धांवा किती झाल्या ?" आम्हीं सांगितलें. ते हंसले असावेत. तोंडावर प्राणवायूचा मुखवटा असल्यानें नीट कळलें नाहीं. मंगळवारीं पहाटे ते गेले. घरच्या दोघांस तेवढी परवानगी मिळाली.

दहा दिवसांच्या सुतकांत दूरचित्रवाणीचा पडदा आमच्या कुटुंबानें शालीनें झांकून ठेविला होता. त्या झांकलेल्या पडद्यासमोर बसून आमचा आणि नातवाचा जो वाद झाला, तो आजहि मिटलेला नाहीं.

आम्ही म्हटलें, ज्या शहरांत रोग्याच्या अहवालास चार दिवस लागतात, तेथें धडधाकट खेळाडूची दर दोन दिवसांनीं तपासणी होते, हा राजविहार होय. नातू म्हणाला, "आजोबा, त्या तपासण्या खासगी प्रयोगशाळांकडून पैसे मोजून होतात. कोणाच्या हातांतून कांहीं हिसकावून घेतलेलें नाहीं." मुलगा तर्कानें बोलतो, म्हणून आम्हीं त्यास तर्कानेंच उत्तर दिलें. एरवीं पैसे मोजून घेणें आणि हिसकावून घेणें यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे. परंतु दुष्काळांत धान्याचें कोठार मोल देऊन रिकामें करणाऱ्यास आपण सावकार म्हणतों कीं लुटारू ? जेव्हां वस्तूच तोकडी असते, तेव्हां जें काम पूर्वीं राजाचे शिपाई करीत, तें थैली करते. प्रयोगशाळेंतील माणसाचे हात दोनच. ते एका नळीकडे वळले म्हणजे दुसरी वाट पाहते. सामना म्हटला कीं रुग्णवाहिकाहि मैदानाशेजारीं उभी ठेवावी लागते, आणि त्या दिवसांत रुग्णवाहिकेसाठीं लोक काय काय करीत होते हें सांगावयास नको.

तो म्हणाला, "मग लोकांनीं संध्याकाळीं करावें काय ? भिंतीकडे पाहावें ?" याहि म्हणण्यांत तथ्य होतें, आणि क्रिकेट मंडळाची भूमिका तीच होती; आपल्या खेळानें कोट्यवधि लोकांस घटकाभर दिलासा मिळतो, अशा आशयाचें पत्र मंडळाकडून खेळाडूंस गेलें होतें. पण दिलाशाची एवढी कळकळ होती, तर मागल्या वर्षीं वाळवंटांत उपलब्ध झालेला मार्ग याहि वर्षीं होताच. तो टाळून हीच शहरें कां निवडलीं ? प्रक्षेपणाच्या पांच वर्षांच्या हक्कांसाठीं 16,347.5 कोटी रुपये ठरलेले होते, आणि इतकी रक्कम एकदां मधें आली म्हणजे कोणास 'थांबा' म्हणणें जड जातें. हा आमचा तर्क आहे. नातवास तो मान्य नाहीं.

त्याच्या शेवटच्या मुद्द्यास मात्र आम्हांस उत्तर सांपडलें नाहीं. तो म्हणाला, "बापूआजोबांनीं धांवा विचारल्या होत्या."

खेळाडूंविषयीं आमच्या मनांत किल्मिष नाहीं. अश्विन घरच्यांजवळ राहण्यासाठीं स्पर्धा सोडून निघून गेला. कमिन्स या ऑस्ट्रेलियन गोलंदाजानें येथील रुग्णालयांच्या प्राणवायूसाठीं 50,000 डॉलर देऊं केले. 'न्यू इंडियन एक्स्प्रेस' या दैनिकानें स्पर्धेच्या बातम्या छापणें बंद केलें. प्रेक्षकास तें त्या वेळीं कडू लागलें असेल, पण त्यांत पाणीदारपणा होता. नेमबाज अभिनव बिंद्रा यांनीं क्रिकेटपटूंस आपल्या तटबंदीबाहेर काय चाललें आहे तें पाहा, असें स्पष्ट सुनावलें. देणग्या आपल्याहि मोठमोठ्या खेळाडूंनीं दिल्या. तथापि देणगी निराळी आणि प्रश्न निराळा. इंग्लंडांत मार्कस रॅशफर्ड नांवाचा बावीस वर्षांचा फुटबॉल खेळाडू आहे—म्हणजे तेव्हां बावीस वर्षांचा होता—त्यानें 15 जून 2020 रोजीं पार्लमेंटच्या सभासदांस उघड पत्र लिहिलें कीं, गरीब मुलांस शाळेंत मिळणारें फुकट जेवण उन्हाळ्याच्या सुटींत बंद करूं नका. मीहि तेंच जेवण जेवून वाढलों. सरकार दुसऱ्याच दिवशीं नमलें, आणि सुमारें 13 लाख मुलांची सोय झाली. शाळामास्तराच्या नजरेनें पाहतां, त्या मुलानें मारलेल्या साऱ्या गोलांहून आम्हांस तें पत्र मोठें वाटतें. खेळाडूनें राजकारणांत पडूं नये असें म्हणणारांनीं त्या मुलांच्या ताटाकडे एकवार पाहावें.

रोगानें अखेर तटबंदी फोडलीच. खेळाडूंस लागण झाली, आणि 4 मे 2021 रोजीं, 60 पैकीं 29 सामने झाल्यावर, स्पर्धा थांबली. उरलेले सामने सप्टेंबर-ऑक्टोबरांत पुन्हां त्याच वाळवंटांत झाले. म्हणजे जें एप्रिलमध्यें विचारानें करतां आलें असतें, तें मेमध्यें भीतीनें करावें लागलें.

आम्हांस अधिक झोंबली ती एक गोष्ट, जिची हाकाटी फारशी झाली नाहीं. 1934 सालीं सुरू झालेली रणजी करंडकाची स्पर्धा, जी दुसऱ्या महायुद्धांतहि खंडली नव्हती, ती 2020-21 च्या हंगामांत झालीच नाहीं. त्या हंगामांत देशांतर्गत छोट्या स्पर्धा झाल्या हें खरें. पण चार-चार दिवस उन्हांत राबून पोट भरणारा जो साधा खेळाडू, त्याचा मुख्य आधार गेला, आणि नुकसानभरपाई जाहीर झाली ती सप्टेंबर 2021 मध्यें. राजविहारास वाळवंट मिळालें, विमान मिळालें, दुसरी संधि मिळाली. देशविहार मात्र मुकाट्यानें रद्द झाला. उद्यां पुन्हां अशी सांथ आली, आणि ती येणार नाहीं असें कोणी म्हणत नाहीं, तर कोणता खेळ चालावा व कोणता थांबावा हें थैलीच्या वजनावर ठरूं नये. तेथें खर्चणाऱ्या तपासण्या, डॉक्टर आणि रुग्णवाहिका यांचा हिशेब आधीं जिल्ह्याच्या आरोग्याधिकाऱ्यानें जाहीर करावा, आणि तोच नियम सभेस, मेळ्यास आणि लग्नाच्या मांडवास लावावा. आमच्या बंधूंनीं ही सूचना वाचून 'तुम्हांस पंच नेमला पाहिजे' एवढाच शेरा मारला.

रणजी करंडक पुढल्या हंगामांत परत आला. जून 2022 मध्यें बंगलोर येथें मुंबई आणि मध्य प्रदेश यांचा अंतिम सामना झाला, तो आम्हीं पांचहि दिवस चेंडू न् चेंडू पाहिला. मैदानावर माणसें तुरळक. कोणी छत्री उघडून बसलेला, कोणी डबा सोडलेला. मध्य प्रदेशाचे शिक्षक चंद्रकांत पंडित. तेवीस वर्षांपूर्वीं याच मैदानावर त्याच संघाचे कर्णधार असतां अंतिम सामना त्यांच्या हातून निसटला होता. या वेळीं विजय मिळतांच त्या कठोर मनुष्याच्या डोळ्यांस पाणी आलें. नातू शेजारीं बसला होता, तो म्हणाला, "बापूआजोबा आठ दिवस कोणाशीं बोलले नसते." तें खरें आहे. मुंबई हरली कीं ते जेवणाच्या पानावरहि गप्प बसत, आणि वहिनी त्यांस मुद्दाम दुसऱ्यांदा आमटी वाढीत.